चुकीच्या फलकाखाली उभी केलेली गाडी

प्रथम वाचकांची क्षमा मागते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही पाचशे रुपयांच्या दंडाविषयी, कोणी लेख लिहायला बसावे यात थोडा आगाऊपणा आहे, हे मला समजते. माझे आजवरचे लेखन म्हणजे नकाशांच्या उजव्या कोपऱ्यातल्या टिपा. 'सर्व मापे मिलिमीटरमध्ये.' 'नकाशावर मोजपट्टी ठेवून माप काढू नये.' 'यापूर्वीचा नकाशा रद्द समजावा.' त्या टिपांनाही वाचक होते, पण ते ठेकेदार आणि मुकादम. लेखन आवडल्याचे त्यांच्यापैकी कोणी कधी कळवले नाही. तरी लिहिते आहे, कारण एका गोष्टीचा निर्णय मला एकटीला करता येत नाही आणि तो रविवारपर्यंत करायचा आहे.

मी एका सरकारी कार्यालयाच्या आरेखन शाखेत तेहतीस वर्षे काम केले. आरेखक म्हणजे अभियंत्याच्या मनातला रस्ता कागदावर उतरवणारा माणूस. रस्त्यांबरोबर रस्त्यांवरची चिन्हेही आमच्याकडे येत. वळण, शाळा, अरुंद पूल, गतिरोधक, आणि अर्थातच 'येथे गाडी उभी करू नये'. संगणक येण्यापूर्वी ही चिन्हे आम्ही ट्रेसिंगच्या कागदावर कंपास आणि गुण्याने काढत असू. आमच्या वेळच्या संहितेप्रमाणे पार्किंग निषिद्धचे चिन्ह सोपे होते: निळे वर्तुळ, लाल कडा आणि वर डावीकडून खाली उजवीकडे येणारी एकच लाल तिरपी पट्टी. तशाच दोन पट्ट्या एकमेकींना छेदून गेल्या, तर तिथे क्षणभर थांबणेही मना. एका पट्टीचा फरक. पण त्या एका पट्टीसाठी आमचे मुख्य आरेखक कागद परत पाठवत.

त्यांची पद्धत सांगायला हवी, कारण पुढे जे घडले ते त्या पद्धतीमुळेच घडले. ते हातात लाल पेन्सिल घेऊन कागद तपासत. एक चूक सापडली की तिथे बारीकशी खूण करीत, आणि खूण झालेला कागद त्या क्षणापासून कागद राहत नसे. त्यावरून कोणी काम करायचे नाही, त्याची प्रत काढायची नाही, तो कोणाला दाखवायचासुद्धा नाही. चुकीचा कागद साइटवर जाण्यापेक्षा कागदच न गेलेला बरा, हे त्यांचे म्हणणे. तेहतीस वर्षांत ते माझ्या इतके अंगात भिनले, की लग्नाच्या पत्रिकेत वारासमोर चुकीची तारीख छापलेली दिसली तर ते लग्न आपल्यापुरते रद्द झाले, असे मला आजही वाटून जाते.

निवृत्तीनंतर मी गाडी चालवायला शिकले. याचे श्रेय माझ्या मुलीला. ती पुण्यात नोकरी करते. तिने नवी गाडी घेतली आणि जुनी माझ्या दारात आणून उभी केली. कागदपत्रे तिच्याच नावावर राहिली. ती बदलून घेऊ, असे आम्ही दोघीही दर दिवाळीला म्हणतो. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षक मला रोज सकाळी आमच्या शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या द्वारका चौकात घेऊन जात. त्या चौकातून जो गाडी काढू शकतो त्याला पुढे काही शिकवावे लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मला क्लच जमला, गिअर जमले, हॉर्न जमेना. हॉर्न वाजवणे म्हणजे अनोळखी माणसाला भर रस्त्यात ओरडून हाक मारणे, आणि ते माझ्याच्याने होत नसे. शेवटी शिक्षक शेजारून हात लांब करून माझ्या वतीने हॉर्न वाजवत आणि म्हणत, "मॅडम, हे मी लायसन्स मिळेपर्यंतच करीन बरं का."

लायसन्स मिळाले. मुलीने किल्ली देताना एक अट घातली. पुण्यात बसून तिला माझी काळजी वाटणार, हे उघड होते. ती म्हणाली, "आई, एक जरी चलान आलं ना, तर मी गाडी परत घेऊन जाणार. चलान आलं म्हणजे तुझं लक्ष नाही. मग मला तिकडे झोप लागायची नाही." मी होकार दिला. कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत काही मागितले की मला नाही म्हणता येत नाही, आणि इथे तर नाही म्हणण्यासारखे काही नव्हतेही.

गाडी माझ्यासाठी चैन नव्हती, हेही सांगितले पाहिजे. माझी थोरली बहीण सटाण्याच्या पुढे नामपूरला असते. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि गुडघ्यांमुळे गेली चार वर्षे घराबाहेर फारशी पडलेली नाही. मला एस.टी. लागते, सटाण्यापर्यंत जाईतो माझा चेहरा ओळखू येण्याजोगा राहत नाही. त्यामुळे पूर्वी मी वर्षातून दोनदा जायची, तासभर डोळे मिटून तिच्या खाटेवर पडायची आणि परत निघायची. पण स्वतः गाडी चालवताना गाडी लागत नाही, हा शोध मला साठाव्या वर्षी लागला. तेव्हापासून मी दर दुसऱ्या शनिवारी जाते. बहीण पुढच्या सीटवर बसते आणि मला बाजार समितीच्या रस्त्याने गाडी हळू न्यायला लावते. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. ती काच खाली करून प्रत्येक ट्रॉलीतल्या मालावर मत देते, शेतकरीही तिला उत्तरे देतात. त्या अर्ध्या तासात तिला गुडघे आहेत हे ती विसरते. गाडी गेली तर तो अर्धा तास जाणार होता. माझे पणाला लागले होते ते एवढेच, पण ते बरेच होते.

आता तो दिवस. गंगापूर रोडला लागून असलेल्या एका गल्लीत चष्म्याचे दुकान आहे. माझा वाचायचा नवा चष्मा तयार झाल्याचा निरोप होता. सकाळची अकराची वेळ, गल्लीत मोकळी जागा, मी गाडी अगदी सरळ, काठापासून समान अंतरावर लावली. उतरले, आणि समोर तो फलक दिसला.

फलक पत्र्याचा होता आणि चौकोनी होता. पांढऱ्या रंगावर लाल वर्तुळ, वर्तुळात इंग्रजी 'पी' आणि त्यावरून तिरपी पट्टी. पण पट्टी वर उजवीकडून खाली डावीकडे आलेली, म्हणजे आरशात पाहिल्यासारखी. निळ्या रंगाचा पत्ता नाही. मनाई कुठून कुठपर्यंत, हे सांगणारी बाणाची पट्टी नाही. खाली मात्र ठसठशीत अक्षरांत, 'येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. आदेशावरून.' हवा सोडण्याची तरतूद मी तरी कोणत्याही संहितेत पाहिलेली नाही.

मी तिथे उभी राहून तो फलक तपासला. मनातल्या मनात एक खूण, दुसरी खूण, तिसरी. चौथ्या खुणेपर्यंत माझ्या लेखी तो फलक रद्द झाला होता. आणि रद्द कागदाचे आम्ही जे करत आलो तेच मी केले: त्याच्याकडे पाठ फिरवली आणि दुकानात गेले. त्यावर लिहिलेले मी वाचले होते. त्याचा अर्थ मला लागला होता. पण तो पाळायचा असतो, हे माझ्या डोक्यात आलेच नाही. आता लिहिताना मलाही हे खरे वाटत नाही, पण झाले ते असे.

चष्मा घेऊन बाहेर आले तेव्हा गाडी जागेवर होती, चाकांत हवाही होती. मी समाधानाने घरी आले. कुकर लावला तेवढ्यात पुण्याहून फोन. गाडी तिच्या नावावर असल्यामुळे चलानाचा संदेश तिच्या मोबाइलवर गेला होता. ती मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होती, त्यामुळे हळू आवाजात, आणि हळू आवाजात ती जास्त रागावल्यासारखी वाटते. नो पार्किंग, गंगापूर रोड परिसर, आजच, एवढेच तिने सांगितले. मग म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं?"

मी म्हणाले की फलक चुकीचा आहे. ती म्हणाली, "असं सगळेच म्हणतात, आई." मी म्हणाले, तसा चुकीचा नाही, पट्टी उलटी आहे. शेवटी तिने मला महिन्याची मुदत दिली. चलान रद्द झाले तर ते आलेच नव्हते असे ती समजणार होती. नाही झाले, तर ठरल्याप्रमाणे.

मी स्वभावाने भांडणारी नाही. दुधाच्या पिशवीला भोक असेल तर मी ती तशीच घेऊन येते. पण या वेळी माझ्या बाजूने संहिता होती. कपाटातून माझी जुनी प्रत काढली. मोटार वाहन कायद्यातले कलमही वाचले. रस्त्यावरची चिन्हे परिशिष्टात दिलेल्या आकाराची, रंगाची आणि प्रकाराचीच असली पाहिजेत, असे तिथे सरळ लिहिले आहे. ते वाचून मला जो आनंद झाला तो लायसन्स मिळाल्याच्या आनंदाहून मोठा होता, हे कबूल करते. आपण ज्या रेघा आयुष्यभर काढल्या त्यांना कायद्याचा आधार होता, हे नोकरीत असताना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने त्या गल्लीत गेले. पर्समध्ये मोजपट्टी, वही आणि धारदार पेन्सिल होती. फलकाची रुंदी घेतली, उंची घेतली, जमिनीपासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर घेतले. ती कड माझ्या हनुवटीला लागत होती. माणसांच्या डोक्यांवरून फलक दिसावा म्हणून तो जिथे असायला हवा, त्यापेक्षा ती खूपच खाली होती. एवढ्यात चष्म्याच्या दुकानाचे मालक लगबगीने बाहेर आले. कालच त्यांनी मला गिऱ्हाईक म्हणून पाहिले होते, पण मोजपट्टीमुळे बहुधा त्यांनी मला ओळखले नाही. मी महापालिकेतून आले आहे अशी त्यांची समजूत झाली. "मॅडम, आधी चहा घ्या, मग काय ते मोजा," म्हणाले. मी महापालिकेची नाही, हे सांगायला मी तोंड उघडले, पण तोवर चहा आला होता. मग चहा पिताना सांगणे अवघड झाले.

त्यांनी आपण होऊन सगळे सांगितले. इथे खरा सरकारी फलक होता. पाण्याच्या एका टँकरने मागे येताना तो पाडला. बरेच दिवस वाट पाहूनही नवा आला नाही. दारापुढे गाड्या लागू लागल्या, गिऱ्हाईक आत येईना. तेव्हा त्यांनी स्वतः पेंटरला बोलावून हा करून घेतला. "मी म्हटलं, सरकारचं काम आहे, आपणही हातभार लावावा," ते म्हणाले, आणि मग जरा चिंतेने विचारले, "काढायला तर नाही ना लावणार?" मी म्हणाले की पट्टी उलटी आहे. त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ फलक पाहिला. "मला वाटलं, दोन्ही बाजूंनी सारखंच असतं," ते म्हणाले. चहाचे आभार मानून मी निघाले. आपण फसवणूक केली की काय, ही टोचणी रिक्षात बसेपर्यंत पुरली.

घरी मी तीन दिवस खपून आराखडा केला. डावीकडे प्रमाण फलक, उजवीकडे प्रत्यक्षातला फलक, दोन्ही एकाच प्रमाणात. मधे मापे, खाली टिपा. ट्रेसिंगचा कागद जुन्या गुंडाळीतला थोडा पिवळसर होता, पण हात अजून स्थिर आहे, हे पाहून बरे वाटले. आराखडा गुंडाळून मी वाहतूक शाखेत गेले.

तिथे चलानांच्या तक्रारी घेणारे एक हवालदार होते. पन्नाशीचे, बोलके, आणि दिवसभर लोकांची कारणे ऐकून त्यांचा चेहरा ऐकण्यासाठीच घडवल्यासारखा झालेला. माझ्या आधीच्या गृहस्थांनी सांगितले की फोटोतली गाडी त्यांची आहे पण ते स्वतः त्या वेळी नव्हते. हवालदार म्हणाले, "गाडी एकटीच आली होती म्हणायची." मग माझा नंबर आला. मी आराखडा टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर त्यांचे रजिस्टर, स्टॅपलर, पाण्याची बाटली आणि माझी पर्स ठेवली. मग तेहतीस वर्षांत कधी बोलले नव्हते इतके सलग बोलले.

त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. मी संपवल्यावर ते पुढे वाकून तो कागद पाहत राहिले. "मावशी, तुम्ही लय बारीक काम केलंय," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी त्या बोर्डासमोरून जातोय, माझ्या नाय आलं ध्यानात." पलीकडच्या टेबलावरच्या शिपायांना बोलावून त्यांनी पट्टी कशी उलटी आहे ते समजावून सांगितले, तेही माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत. मला वाटले, जिंकले.

मग त्यांनी संगणकावर गाडीचा नंबर घातला. "पुण्याची पासिंग आहे," असे काहीसे पुटपुटले आणि चलानासोबतचा फोटो मोठा करून पडदा माझ्याकडे वळवला.

फोटोत माझी गाडी होती. तिच्यापुढे फलक होता. आणि फलकापुढे, मान वर करून, एक हात कमरेवर आणि दुसरा हनुवटीवर ठेवून, तो फलक वाचत असलेली मी होते.

हवालदारांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. हसू येत होते ते त्यांनी मिशीत ठेवले.

"मावशी, ह्या तुम्हीच ना?"

"हो."

"काय करत होता?"

"तपासत होते."

"मग कळलं होतं ना, हितं गाडी लावायची नाय म्हणून?"

संहितेत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिथे फलक कसा असावा ते होते. चुकीचा फलक बरोबर समजला तर काय, हे नव्हते. हवालदारांनी मला घाई केली नाही. त्यांनी पाण्याची बाटली कागदाच्या कोपऱ्यावरून उचलून माझ्यापुढे ठेवली आणि आपणच बोलत राहिले. त्या गल्लीत पार्किंग बंद आहे, त्याचा रीतसर आदेश फाइलला आहे, खांब पडला म्हणून आदेश पडत नाही. पण फलक खोटा आहे हेही खरे, आणि ते त्यांना मान्य होते. मग आवाज खाली आणून त्यांनी वाट दाखवली. तक्रारीच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. "त्याच्यात एकच ओळ लिहा. फलक दिसला नाही. बास. चष्म्याच्या दुकानात गेला होतात, पावती जोडा. साहेब लगेच सही करतील. फोटो बघत बसायला वर कुणाला वेळ हाय?"

"आणि हा आराखडा?"

"तो नका जोडू. तो जोडला तर ते मोठं प्रकरण होतं. मग सगळेच सगळं बघणार."

मी त्यांना मुलीची अट सांगितली. कोणा परक्या माणसाला आपल्या घरातले सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. नामपूरचेही सांगितले. ते आधी हसले, मग गंभीर झाले. त्यांची स्वतःची आई निफाडकडे असते, असे म्हणाले. "मग तर मावशी, दिसला नाही असंच लिहा. कुणाचं काय बिघडतंय?"

मी अर्ज घेऊन बाकावर बसले. आधी मला त्या ओळीतला तांत्रिक दोष दिसला. ज्या बाईला एवढा फलक दिसत नाही तिने गाडी चालवावी कशी? शिवाय नवा चष्मा वाचायचा होता. लांबचे मला अजून लख्ख दिसते. पण खरी अडचण वेगळी होती. मी जर 'दिसला नाही' असे लिहिले, तर त्या आराखड्यातले एकही माप मी घेतलेले नाही, असे होणार होते. तो फलक कोणी पाहिलाच नाही, म्हणजे चुकीचाही नाही, म्हणजे तो तसाच राहणार. दुसरीकडे बहीण होती, काच खाली केलेली. मी पेन दोनदा खाली ठेवले. समोर भिंतीवर घड्याळ होते, ते दहा मिनिटे पुढे होते, आणि मी काही वेळ तेच तपासत बसले.

शेवटी मी लिहिले: 'फलक दिसला. तो प्रमाणानुसार नाही. सोबत आराखडा जोडला आहे. तथापि फलकाचा अर्थ मला समजला होता.' हवालदारांनी ते वाचले, मान हलवली, आणि शिक्का मारताना म्हणाले, "शेवटची ओळ गाळली असती तरी चाललं असतं." मला ते त्यांनी सांगेपर्यंत सुचलेच नव्हते.

निकाल पंचवीस दिवसांनी आला. तो वाचताना मला आमच्या कार्यालयाची आठवण झाली. भाषा तशीच स्वच्छ होती. सदर फलक प्रमाणानुसार नसल्याचे अर्जदाराचे म्हणणे योग्य असून नवा फलक बसवण्याबाबत संबंधितांना कळवण्यात आले आहे. तथापि फलकाचा अर्थ समजल्याचे अर्जदाराने स्वतः मान्य केले असल्याने चलान कायम ठेवण्यात येत आहे. मी दंड भरला. पुढच्या आठवड्यात गल्लीतून चालत गेले तर नवा फलक लागलेला होता: निळा, गोल, पट्टी बरोबर दिशेची, उंचीही ठीक. दुकानाच्या मालकांनी आतून हात केला. त्यांच्या मते हे मीच करून दिले होते, आणि या वेळी ते फारसे खोटे नव्हते.

तेव्हा सरकारी प्रमाणांचा वाहनचालकाला दंडाविरुद्ध उपयोग होतो का, असे मला कोणी विचारले, तर फलकाला झाला, मला नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. फलक न समजलेल्या माणसाला कदाचित होईल. ज्याला समजला, त्याने तरी अर्ज जपून भरावा.

मागच्या रविवारी मुलगी आली. गाडी न्यायलाच आली होती. म्हणून येताना मुद्दाम बसने आली. जेवण झाल्यावर मी तिला निकालाचे पत्र आणि अर्जाची प्रत दाखवली. तो फोटो तिने तोवर उघडलाच नव्हता. तो उघडला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, 'दिसला नाही' लिहायचंस की. मी तरी तेच लिहिलं असतं." मी म्हणाले की मग तुझ्या अटीतून मी खोटे बोलून सुटले असते. ती हसायची थांबली.

संध्याकाळी तिने किल्ली पर्समध्ये टाकली, काढली, पुन्हा टाकली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "मला माझा शब्दही मोडायचा नाही आणि गाडीही न्यायची नाही," असे म्हणून तिने किल्ली फ्रिजवर ठेवली. "लक्ष नव्हतं म्हणून चलान आलं, तर गाडी न्यायची, असं मी म्हणाले होते. तुझं तर जरुरीपेक्षा जास्त लक्ष होतं. आता तूच ठरव, अट मोडली की नाही. तू म्हणशील ते मला मान्य. रविवारी फोन करते." आणि ती बसनेच परत गेली.

तेव्हापासून गाडी दारात उभी आहे आणि मी तिला हात लावलेला नाही. या शनिवारी नामपूरला जाणार नाही, असे सांगायला बहिणीला फोन केला आणि सगळे सांगितले. तिकडे राहून तिची बोली पुरती तिकडची झाली आहे. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "दंड भरी दिधा ना?" मी म्हणाले, भरला. "मग जायनं ते," ती म्हणाली, म्हणजे झाले, संपले. मी म्हणाले, तसे नाही, शब्द दिला होता. त्यावर ती म्हणाली, "तू आठे ये, मंग बोलूत." पण तिकडे जायचे तर गाडी लागणार, आणि गाडी घ्यायची तर आधी ठरवायला हवे. शिवाय तिचे मत काय असणार हे मला ठाऊक आहे. तिला कांदे बघायचे आहेत.

मी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. चलान आले, ते कायम झाले, आणि माझ्याच हस्ताक्षरामुळे कायम झाले. म्हणजे अट मोडली. उलट मुलीला भीती होती ती माझ्या दुर्लक्षाची, आणि दुर्लक्ष झाले नव्हते. ती म्हणते ते जरुरीपेक्षा जास्तच लक्ष होते, जरी ते गाडीकडे नसून पट्टीकडे होते. दोन्ही बाजूंची मापे मला सारखीच येतात. लाल पेन्सिल हातात घेऊन बसले, पण खूण कुठे करावी ते कळेना.

आज शुक्रवार आहे. परवा तिचा फोन येईल. माझ्याकडून अट मोडली, असे तुम्हाला वाटते का?